चंचलच्या नावाची मूठ

सुंदराला कुणी जाडी म्हटलं तर तिला राग यायचा नाही. जी गोष्ट दाराच्या चौकटीलाही ठाऊक आहे, तिच्यावर काय रागवायचं? भेस्तानच्या त्या सोसायटीत पत्ताच असा सांगत, "निळा दरवाजा, जाडी मावशी राहते तो." शेअर रिक्षावाले तिला हात करताना बघून वेग वाढवायचे. तेही तिनं कधी मनावर घेतलं नाही. बसलं तर बसलं, नाही तर पायाला देवानं चाल दिलीच आहे. ती दिवसभर जमिनीवर मांडी घालून साड्यांचे सुटे दोरे कापायची. शेजारच्या उषाबाईशी बोलता बोलता तिच्या हातून शंभर साड्या निघून जायच्या.

तिला टोचायचं ते वेगळंच. तिची मुलगी चंचल तिला चारचौघांत सोबत नेत नसे.

चंचल पर्वत पाटियाजवळच्या एका मार्केटात कामाला होती. काम म्हणजे मोबाइलसमोर उभं राहून साड्या विकायच्या. खांद्यावर एक साडी टाकायची, गिरकी घ्यायची, गोड हसायचं आणि गुजरातीत बोलत सुटायचं. पलीकडे गावोगावच्या बायका मोबाइलवर बघून साड्या मागवत. पोरगी दिसायला नाकीडोळी नीटस, बोलायला तिखट. दुकानाचा शेठ खूश होता. दोन वर्षांपूर्वी एकदा ती डबा विसरून गेली. सुंदरा दोन रिक्षा बदलून, घामाघूम होऊन डबा घेऊन मार्केटात पोचली. तिसऱ्या मजल्यापर्यंत जायची वेळच आली नाही. चंचल धावत खाली आली आणि पार्किंगमध्येच तिनं डबा घेतला. बरोबरच्या मुलीनं विचारलं, कोण गं? चंचल म्हणाली, "अमारा बाजूवाळा मासी छे." आमच्या शेजारच्या मावशी!

तीस वर्षं सुरतेत काढलेल्या बाईला एवढं गुजराती कळतं. परतीच्या वाटेवर तिनं पदरानं घाम पुसला, आणि घामाबरोबर जे काय होतं तेही पुसलं. त्या दिवसापासून तिच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. या पोरीनं एकदा, फक्त एकदा, चार लोकांत म्हणावं की ही माझी आई. पुढं देवानं उचललं तरी हरकत नाही.

आणि विलायतेतून एक शर्यत नेमकी सुरतेत आली.

विलायतेत लोकांना म्हणे खायला इतकं मिळतं, की खाल्लेलं उतरवायचीही टीव्हीवर शर्यत लावतात. बारा जाड माणसं गोळा करायची, दहा आठवडे पळवायची, दर आठवड्याला काट्यावर चढवायची. ज्याचं कमी उतरलं तो घरी. सगळं जग बघतं. यंदा त्या कंपनीनं ठरवलं की खेळ खाणाऱ्यांच्या गावात मांडायचा. 'सुरतनुं जमण ने काशीनुं मरण' ही म्हण त्यांना कुणीतरी शिकवली असणार. जेवावं सुरतेत आणि मरावं काशीत. सुरतेत भुकेलेही राहतात हे म्हणीत बसत नाही, म्हणून ते त्यांना कुणी सांगितलं नसावं.

बातमी घेऊन आला वाल्मिक. हा त्याच गल्लीतला, शिरपूरकडचा, लग्नाच्या शूटिंगा करणारा. विलायती कंपनीनं त्याला इथला मदतनीस म्हणून ठेवला होता, त्यामुळे तो महिनाभर जमिनीला पाय लावत नव्हता. त्यांना अकरा मिळाले होते, सगळे व्यापारी घरांतले. एक गरीब बाई हवी होती.

"काकू, तुमीच चाला ना," तो म्हणाला. "काही लागत नही. शेवटना दिवस घरनं एक मानूस स्टेजवर येस. हात धरस, आन् सांगस का ही मनी माय शे. पुरी विलायत देखस."

ही माझी आई, असं पुऱ्या विलायतेसमोर! सुंदराची कात्री थांबली.

"घरनं मानूस म्हनजे आंडेर चाली का?" तिनं विचारलं. आंडेर म्हणजे मुलगी.

"चाली ना! आंडेर व्हई ते कंपनीनी मॅडम आखो खुश."

चंचलला टीव्ही हा शब्द पुरला. कपाळाला आठी घालणारी पोरगी त्या संध्याकाळी आईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि तिनं फॉर्म भरला. "मम्मी, बरोबर मन लावून कर हां. अर्ध्यात सोडू नकोस." दोन वर्षांत ती आईच्या इतकी जवळ बसली नव्हती. सुंदरानं अंगठीच्या बोटानं हळूच तिच्या केसातला दोरा काढून टाकला.

पहिल्या दिवशी काट्यावर एकशे दोन किलो भरले. काटा कसला, ट्रक तोलायचा धर्मकाटाच तो, लाल दिवे लावलेला. विलायतेत माणसाचं वजन स्टोनमध्ये सांगतात. वाल्मिकनं समजावलं, स्टोन म्हणजे दगड. "सोळा दगड, काकू." सुंदरा म्हणाली, बरं झालं बाबा, आजवर फक्त सासूच्याच तोंडून ऐकत होते.

त्या कार्यक्रमाची मुख्य म्हणजे एक मॅडम. जन्म तिकडचा, आईबाप गुजरातेतल्या चरोतरचे. गुजराती बोलायची, पण चमच्यानं औषध पाजल्यासारखी, मोजून. तिनं कॅमेऱ्यासमोर सुंदराला विचारलं, "सुंदराबेन, तुम्ही एवढं का खाता?"

सुंदरानं खरं ते सांगितलं. "उरतं म्हणून."

पोराला डबा केला, तो बाहेर खाऊन आला. नवऱ्याला रात्रपाळी, त्याची भाकरी तशीच. चंचलला पोळी नको, तिला कॅमेऱ्यासमोर पोट दिसतं. टाकायचं कसं? मग सगळ्यांचं जेवून झालं की सुंदरा पातेली पुढं ओढायची. तीस वर्षं तिनं स्वतःच्या भुकेनं नाही, दुसऱ्यांच्या नकोनं खाल्लं होतं. पण मॅडमला हे पसंत पडलं नाही. वाल्मिक बाजूला येऊन कुजबुजला, "काकू, काहीतरी दुःख सांगा. कोनी मारं, कोनी सोडी दिधं, असं काही." सुंदरा म्हणाली, मला कुणी सोडून दिलं नाही रे. तिचं उत्तर कापून टाकलं.

पण बाई नेटानं भिडली. पहाटे उठून उधन्याच्या रस्त्यानं चालायची. मैदानावर कंपनीचा गोरा मास्तर कानाशी येऊन ओरडायचा. काय ओरडायचा ते कळत नसल्यामुळे तिला वाईटही वाटत नसे. बाकीच्या शेठाण्या रडायच्या, रुसायच्या, दोघी तर तिसऱ्या आठवड्यातच पळाल्या. सुंदराला रडायला फुरसत नव्हती. घरी येऊन तिला साड्याही कापायच्या असत. कंपनीनं खायचा एक कागद दिला होता. त्यावर जे लिहिलंय तेच, तेवढंच. कागदाबाहेरचं काही तोंडात गेलं तर वजन कितीही उतरो, माणूस बाद. त्यावर सुंदरानं सही केली होती. सही म्हणजे तिचं नाव, चंचलनंच तिला शिकवलेलं, लहान असताना, पाटीवर.

नऊ आठवड्यांत एकशे दोनाचे सत्त्याऐंशी झाले. उरले चार जण, आणि सुंदरा सगळ्यांत पुढं. शेवटचं वजन शुक्रवारी होतं.

आणि त्याच्या आधीच्या रविवारी कानबाई देवी बसली.

खानदेशी माणूस सुरतेत येऊन गुजराती बोलेल, फाफडा खाईल, पोराचं नाव इथल्यासारखं ठेवील, पण श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसवल्याशिवाय राहणार नाही. रात्रभर जागायचं, सोमवारी वाजतगाजत तिला पोचवायची. आणि तिचे रोट करायचे. घरातल्या पुरुषांच्या नावानं नावागणिक सव्वा मूठ गहू घ्यायचे, वेगळे दळायचे, त्यांचे जाड रोट तूप लावून भाजायचे. हे रोट घरच्यांनीच खायचे. शेजारणीला द्यायचे नाहीत, गाईकुत्र्याला घालायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. आणि पुनवेच्या आत संपवायचे. ज्याच्या नावाचं उरलं, त्याला ते बाधतं.

सुंदराच्या घरी मुठी तीन होत्या. नवरा धुडकू, मुलगा योगेंद्र आणि चंचल. बाईमाणसाच्या नावाची मूठ तिच्या सासरी कधी नव्हती. सुंदराच्या स्वतःच्या नावाची आजही नाही. चंचल जन्मली त्या श्रावणात सुंदरा ओली बाळंतीण. तिनं गव्हाच्या गोणीजवळ जाऊन सांगितलं, पोरीच्या नावानं पण घ्या. सासू कडाडली, "आंडेर ते परका घरनं धन! तिना नावना रोट काबर?" काबर म्हणजे कशाला. सुंदरा उठली नाही. पोर मांडीवर घेऊन गोणीला टेकून बसून राहिली, दुपार झाली तरी. दळण खोळंबलं. शेवटी धुडकू आला. तो जन्माचा मुखदुर्बळ, आईपुढं मान वर न करणारा. त्यानं गोणीत हात घातला आणि सव्वा मूठ गहू सुपात टाकले. लग्नानंतर त्यानं बायकोची बाजू घेतली ती ही एवढीच, पण ती पुरली. तेव्हापासून चंचलच्या नावाची मूठ निघते, धुडकूच्याच पंजानं. एका मुठीचे दोन रोट होतात.

यंदाही सहा रोट झाले. खाणारं कोण? योगेंद्र अंकलेश्वरहून आला, कानबाईच्या पाया पडला, पित्त झालंय म्हणाला आणि सोमवारी गेला. धुडकूला साखरेचा आजार, त्यानं अर्धा रोट मोडून कपाळाला लावला आणि खाल्ला. भाऊबंदांकडे द्यावेत तर त्यांचेच त्यांना जड झालेले. डबा सुंदरापुढं आला, दरवर्षी येतो तसा.

सुंदरा वाल्मिककडे गेली. "भाऊ, रोट त्या कागदवर नहीत."

वाल्मिक हसला. "काकू, मी पन खानदेशीच शे ना. खाई टाका. कोन देखस?"

तेव्हा तिनं आपला हिशेब केला. त्या कागदावरचं जेवण सोडायचं आणि त्याऐवजी रोट. सकाळी एक, बास. दिवसभर पाणी. चालणं दुप्पट. देवीचंही राहतं आणि काट्याचंही. लबाडी म्हणा हवं तर. पण पोटच्या पोरांना बाधू नये म्हणून केलेल्या लबाडीला लबाडी म्हणणाऱ्याला पोरं नसावीत.

मंगळवारी आणि बुधवारी तिनं योगेंद्रच्या नावाचे दोन्ही खाल्ले. धुडकूचा उरलेला दीड राहिला आणि चंचलचे दोन. बुधवारी दुपारी चंचल माळ्यावर झोपायच्या जागेत मोबाइल बघत पडली होती. सुंदरानं खालून ताटली वर केली.

"एक तुकडा तरी खाय वं बाई. तुना नावना शे."

"मम्मी, नको म्हटलं ना. केवढं तूप आहे त्यात. परवा मला पण स्टेजवर उभं राहायचंय."

"नखभर खाय. बाधस."

"मग तूच खा ना माझ्या नावाचं," चंचल कूस बदलत म्हणाली. "दरवर्षी खातेसच की."

खरंच होतं. दरवर्षी खातेच. सुंदरा ताटली घेऊन कोपऱ्यात, कानबाईचा चौरंग मांडला होता तिथं जाऊन बसली. तिनं आधी धुडकूचा रोट मोडला. मग विचार केला, आज चंचलचाही एक संपवावा, शुक्रवारी सकाळी पोटात काही नको. रोट तीन दिवसांचे, कडक झालेले. दाढेखाली दुखत होतं. ती भराभर खात होती, कारण रोटाचा घास घेताना तिला काट्याचे लाल दिवे आठवत होते. एकदा ठसका लागला, पदर तोंडावर धरून तिनं दाराकडे पाहिलं. दार लावलेलं होतं. माळ्याकडे पाहायचं तिच्या मनातही आलं नाही. माळ्यावर तर तिची लेक होती.

धुडकूचा अर्धा तिनं गुरुवारी खाल्ला. चंचलच्या नावाचा शेवटचा एक डब्यात ठेवला. पुनव शनिवारी होती. वजन झालं की शुक्रवारी रात्री सावकाश, दुधाबरोबर खाऊ, असं तिनं ठरवलं.

शुक्रवारी दुपारी चार वाजता पार्टी प्लॉटवर, लग्नं लागतात त्या मैदानावर, हजारभर खुर्च्या भरल्या होत्या. वर मोठा पडदा, मधे तो काटा. चंचलनं दुकानातली मोरपंखी साडी नेसली होती आणि आईलाही एक नेसवली होती. निऱ्या स्वतः घातल्या, पिन लावली. तिचे हात कमरेशी होते तेव्हा सुंदरा श्वास धरून उभी होती.

सुंदराचं नाव पुकारलं. चंचलनं आईचा हात धरला. हजार माणसांसमोर, चार कॅमेऱ्यांसमोर घट्ट धरला, आणि माइकमध्ये म्हणाली, "आ मारी मम्मी छे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुंदराला त्या ऐकू आल्या नाहीत. पार्किंगमधला तो डबा, ती मैत्रीण, घामेजलेला पदर, सगळं एका वाक्यात धुऊन निघालं. तिला वाटलं, आता काट्यावर नाही चढवलं तरी चालेल, माझं झालं. एवढा आनंद तिला चंचल जन्मली तेव्हाही झाला नव्हता, कारण तेव्हा सासू दारात उभी होती.

काट्यावर चढवलंच. लाल आकडे वरखाली नाचले आणि थांबले. पंच्याऐंशी. चौघांत सगळ्यांत जास्त उतरलेली सुंदरा होती. पहिल्या रांगेत धुडकू उठून उभा राहिला, मग लाजून बसला.

"पण," मॅडम म्हणाली.

हा पण त्यांनी आधीपासून बांधून ठेवला होता. दिवे मंद झाले. पडद्यावर सुंदराचं घर आलं. कोपरा, चौरंग, आणि पाठमोरी बसलेली एक जाड बाई, जिचा हात तोंडाकडे जातो आहे, पुन्हा जातो आहे. सर्कशीत विदूषक येतो तेव्हा वाजतं तसलं संगीत घातलेलं. बाईला ठसका लागला, तिनं पदर तोंडावर धरला, चोरासारखं दाराकडे पाहिलं. तेवढंच तीनदा दाखवलं. मागे, पुढे, पुन्हा. हजार माणसं हसली. पोट धरून हसली. बायका, बापे, खांद्यावरची पोरं. पाचव्या रांगेतली उषाबाई हसली.

सुंदराला आधी कळलंच नाही की ही बाई कोण. मग साडी ओळखली. मग तिला वाटलं, एवढ्या उंचावरून कुणी काढलं? घराला खिडकी एकच, तीही मागच्या भिंतीला. आणि मग शेवटी, संगीत थांबल्यावर, चित्र काढणाऱ्याच्या तोंडातून निसटलेलं दबलेलं हसू ऐकू आलं. नाकातून येणारं, मधेच तुटणारं. चार महिन्यांची असताना पहिल्यांदा हसली ती तशीच हसली होती. हे हसू सुंदरानं मेल्यावरही ओळखलं असतं.

तिनं चंचलकडे पाहिलं. चंचल कॅमेऱ्याकडे बघत होती, मान किंचित तिरपी, साड्या दाखवताना ठेवते तशी. फक्त तिचा हात आईच्या हातातून सुटला होता.

मॅडम जवळ आली. कनवाळू आवाजात म्हणाली, नियम म्हणजे नियम, पण आम्ही प्रत्येकाला बोलायची संधी देतो. "सुंदराबेन, आ शुं छे? घरमां छुपाईने केम खाधुं?" घरात लपून का खाल्लंत?

सांगायला पुष्कळ होतं. हे रोट आहेत, बाई. माझे नव्हेत, माझं नाव त्यांच्यात कधी नव्हतंच. हे पोरांच्या नावाचे. ज्यांनी खायचे ते खात नाहीत, आणि ही जी माझ्या शेजारी उभी आहे, तिनंच मला म्हटलं तू खा, आणि मी खाताना वरून काढलं. दोन वाक्यांत झालं असतं. समोरच्या हजारांत निम्मे खानदेशी होते. एकदा रोट हा शब्द उच्चारला असता, तर त्यांचं हसू घशात अडकलं असतं. बाजूला वाल्मिक उभा होता. त्याला सगळं ठाऊक होतं, आणि तो कानातल्या यंत्राशी चाळा करत वायरी बघत होता.

पण मग चंचलचं काय झालं असतं? आताच, पाच मिनिटांपूर्वी, जिनं चारचौघांत आईला आई म्हटलं, तिच्या तोंडाला त्याच चारचौघांत काळं लागलं असतं. विलायतेपर्यंत. पोरीचं नाव वाचवायला सुंदरा एकदा गोणीला टेकून बसली होती. ते नाव तिच्यानं कसं मोडवेल?

"भूक लागनी व्हती," ती म्हणाली.

वाल्मिकनं त्याचं गुजराती करून सांगितलं, मॅडमनं इंग्रजी केलं. तिन्ही भाषांत लोक हसले. सुंदरा बाद झाली. एका शेठाणीला पहिलं बक्षीस मिळालं, तिला आनंदानं चक्कर आली, त्याच्यावरही टाळ्या झाल्या.

मॅडमनं चंचलला थांबवून घेतलं. तिची वेगळी मुलाखत काढायची होती, आणि पुढच्या खेपेला कॅमेऱ्यासमोर बोलणारी मुलगी म्हणून तिला घ्यायचं असं आधीच ठरलेलं होतं, हे तेव्हा कळलं. सुंदरा आणि धुडकू रिक्षानं घरी निघाले. वाल्मिक रिक्षापर्यंत धावत आला. "काकू, मी त्यासले बोलनू व्हतू, पन..." सुंदरानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुनी नोकरी शे, भाऊ. जाय." वाल्मिकला त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

रिक्षा पांडेसऱ्याच्या पुढं आली तेव्हा धुडकू म्हणाला, "चंचलनी माय, तू रोटनं काबर नही सांगं?"

"काय सांगू?"

पुढच्या वळणावर धुडकूला वाटलं की बायको रडत असेल, म्हणून त्यानं वळून पाहिलं. ती रडत नव्हती. नवीन साडीच्या काठाला एक दोरा सुटला होता, तो ती नखानं तोडायला बघत होती.

शनिवारी पुनव. सकाळपासून चंचलचा मोबाइल वाजत होता. तो ठसका, तो पदर, ते दाराकडे बघणं गावभर फिरलं होतं. लोकांनी त्याला स्वतःची गाणी जोडली होती. आधी चंचल खूश होती, आकडे मोठ्यानं वाचत होती. मग दुपारी मार्केटातल्या मुलींचे मेसेज आले. आ तो तारी मम्मी ने? पेली बाजूवाळी मासी? तीच ना, शेजारची मावशी? त्यानंतर तिनं मोबाइल उलटा ठेवला. आईसमोर दोन-तीनदा येऊन गेली. पाणी विचारलं, चहा केला. "मम्मी, ते असं म्युझिक लावतील मला माहीत नव्हतं," एवढं म्हणाली. सुंदरा साड्या कापत होती. तिनं हूं केलं, आणि चहा प्यायली.

दिवस कलला. चंचल काहीतरी शोधत स्वयंपाकाच्या ओट्याशी गेली. तिनं डबा उघडला. आत एकच रोट होता, कडेला तुपाचा पांढरा थर आलेला. ती तशीच उभी राहिली. मोठी झालेली, कशावर विश्वास न ठेवणारी पोरगी, पण लहानपणापासून दर श्रावणात ऐकलेलं असतं ते कुठं जातं? उरलेला रोट तिनं या घरात जन्मापासून कधी पाहिला नव्हता. पुनवेच्या दिवशी हा डबा नेहमी धुऊन पालथा घातलेला असे.

"मम्मी," ती म्हणाली. "आज पूनम ना? हा राहिलाय."

"हां."

"तू खाल्ला नाहीस?"

"तुना नावना शे तो."

"अगं, पण दरवर्षी तूच..." ती डबा घेऊन आईसमोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून, फॉर्म भरताना बसली होती तशीच. "मम्मी, खा ना. दिवस बुडेल आता."

सुंदरानं मान वर केली. लेकीच्या केसात एक दोरा अडकला होता. तिनं तो पाहिला. मग खाली बघून कात्री चालवायला लागली.

"माले भूक नही," ती म्हणाली.